ड्रोनला ओझं बांधताना: ड्रॉपर वापरायला शिकणाऱ्यांसाठी

साखरपुडा असो, वाढदिवस असो, सोसायटीतली सत्यनारायणाची पूजा असो, ड्रोन घेतल्यापासून मला सगळीकडे एकच प्रश्न येतो. "वरून फुलं टाकशील का रे?" माझं उत्तर ठरलेलं आहे, नाही. फुलं उधळायची तर गच्चीवर दोन मावसभाऊ उभे करा, हातात परडी द्या, काम झालं. माणसांच्या डोक्यावर ड्रोन आणायचा नाही आणि ओझं बांधलेला तर अजिबातच नाही.

तरीही हा उद्योग शिकण्यासारखा आहे. ड्रोनच्या पोटाखाली बसणाऱ्या आणि लांबून हुकूम दिला की पकडलेली वस्तू सोडणाऱ्या या जोडणीला दुकानात कुणी एअरड्रॉप म्हणतं, कुणी रिलीज, कुणी नुसतंच हूक. मी ड्रॉपर म्हणतो. ओढ्याच्या पलीकडे दोरी पोचवायची आहे, उंच झाडाच्या फांदीवरून दोरा टाकायचा आहे, माणूस चढू शकत नाही अशा उतारावर बीजगोळे टाकायचे आहेत, अशा कामांना तो खरंच उपयोगी पडतो. नवख्याला वाटतं की सगळी कमाल सोडण्यात आहे. सोडणं हे एका बटणाचं काम. अवघड आहे ते ओझं घेऊन नीट उडणं, आणि ओझं सुटल्यानंतरचे दोन सेकंद. म्हणून हा लेख बटणापर्यंत बराच उशिरा पोचेल.

आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा

ड्रॉपर मागवण्याआधी घरातला डिजिटल वजनकाटा काढा आणि ड्रोन बॅटरीसकट त्यावर ठेवा. मग ड्रॉपर, त्याचे पट्टे, दोरी, कडी आणि न्यायची वस्तू असं सगळं एकत्र करून त्याचं वजन घ्या. नुसत्या वस्तूचं नको. "फक्त ५० ग्रॅमची पुडी आहे" म्हणणाऱ्याच्या ड्रोनवर प्रत्यक्षात ११० ग्रॅम लटकत असतात, हे मी दोनदा मोजून दाखवलंय.

हे मोजण्याचं एक कारण कायद्याचं आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये वजनाचे गट ठरलेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, त्यापुढे २५ किलोपर्यंत स्मॉल. आणि हे वजन ओझ्यासकट धरतात. २४९ ग्रॅमचा ड्रोन लोक मुद्दाम घेतात, कारण नॅनोला सवलती आहेत. त्याला ३० ग्रॅमचा ड्रॉपर लावलात की तो त्या क्षणी मायक्रो झाला. मायक्रोला तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो, नॅनोला तो माफ होता. २ किलोपर्यंतचा ड्रोन बिनव्यावसायिक कामासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, अशी सूट आहे. पण कुणाकडून पैसे घेऊन काम केलंत की तीही गेली. ड्रोनचा नोंदणी क्रमांक तर हवाच. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. तेव्हा बिलाशिवाय 'ओळखीतून' मिळणारा ड्रोन घेताना पुढचा विचार करा.

दुसरं कारण भौतिकशास्त्राचं. हवेत एका जागी तरंगायला लागणारी ताकद वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढते. वजन १० टक्के वाढलं तर ताकद साधारण १५ टक्के जास्त लागते. २० टक्के वाढलं तर सुमारे ३१ टक्के. म्हणजे जो ड्रोन रिकामा २५ मिनिटं तरंगतो तो एक पंचमांश ओझं घेऊन १९ मिनिटांच्या आसपास येईल, आणि वारा असेल तर त्याहून कमी. मोटारी तापतात ते वेगळंच. बहुतेक हौशी ड्रोनच्या पुस्तिकेत जास्तीचं वजन लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचून पुढे जायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण जोडणी लावून ड्रोन आपटला तर कंपनीच्या वॉरंटीवर विसंबू नका.

माझा स्वतःचा नेम असा आहे. पहिले तीन महिने सगळं धरून ड्रोनच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत. ९०० ग्रॅमचा ड्रोन असेल तर ९० ग्रॅम, त्यात ड्रॉपरही आला. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. पडू द्या.

मुंबईत कुठे उडवायचा?

मुंबईत उडवायचा नाही. हे एका वाक्यात संपलं असतं, पण का ते सांगतो, कारण "आमच्या टेरेसवर कोण बघतंय" म्हणणारे भेटतातच.

विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय जास्तीत जास्त २०० फूट, म्हणजे ६० मीटर उंची मिळते. त्याहून जवळ आलात तर परवानगीशिवाय काहीच नाही. आता नकाशावर सांताक्रूझ विमानतळाभोवती १२ किलोमीटरचं कडं काढा. उत्तरेला साधारण कांदिवली आणि दक्षिणेला भायखळा एवढा भाग आत येतो. भायखळ्याच्या खाली गेलात की मंत्रालय आणि नौदलाच्या जागा. पूर्वेला ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र. वर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून शहरात ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवर उडणारी छोटी विमानं यांवर बंदी घालतात. हा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो आणि मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा लागतो. पनवेल, उलवे, खारघरची मोकळी मैदानं आठवत असतील तर तीही विसरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि तिथला आकाशाचा हिशोबच बदलला.

आम्ही कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळ्याच्या पुढे मित्राच्या मामांच्या शेतावर जातो. पहाटेची कर्जत लोकल, पुढे टमटम, पाठीवर ड्रोनची पिशवी. खासगी जमीन, मालकाची परवानगी, आजूबाजूला वस्ती नाही, विजेच्या तारा लांब. तुम्हालाही अशीच जागा शोधावी लागेल. निघण्याआधी त्याच दिवशी सकाळी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरव्या विभागात आहे का ते बघा. हिरव्यात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. तुम्हाला त्यातले ३० मीटरसुद्धा लागणार नाहीत. शेजारच्या डोंगरावर वनखात्याची जमीन असेल तर तिथे त्यांच्या परवानगीशिवाय बीही टाकायचं नाही आणि ड्रोनही न्यायचा नाही.

काय न्यायचं नाही तेही इथेच सांगतो. शस्त्रं, दारूगोळा, स्फोटकं ड्रोनवरून नेण्याला नियमांतच मनाई आहे. दिवाळीत सुतळी बॉम्ब लटकवून व्हिडिओ काढायची आयडिया कुणाला सुचली तर ती याच खात्यात जमा होते. पेटणारं, गळणारं, फुटणारं काहीही नको. जिवंत प्राणी नको. धुळवडीला लोकांवर रंगही नको.

ड्रॉपर कुठला घ्यायचा

बाजारात ढोबळमानाने चार जाती मिळतात.

सगळ्यात जास्त खपतो तो प्रकाशावर चालणारा. ड्रोनच्या पोटाला किंवा पायाला एक दिवा असतो, त्यावर या ड्रॉपरचा डोळा चिकटवायचा. ॲपमधून दिवा लावला की डोळ्याला कळतं, आतली छोटी सर्व्हो मोटर फिरते आणि खीळ मागे सरकते. ड्रोनच्या वायरिंगला हात लावायला लागत नाही, म्हणून नवख्यांना तो आवडतो. मलाही आवडायचा. त्याने माझी फजिती कशी केली ते पुढे सांगतो.

दुसरा वेगळ्या रिमोटवर चालतो. हातात दोन रिमोट होतात, त्यामुळे सोडायचं बटण सोबत्याच्या हातात द्यावं लागतं. मला हे उलट बरंच वाटतं. उडवणारा एक आणि सोडणारा एक असला की बोलणं होतं, घाई होत नाही. तिसरा नुसता यांत्रिक. त्यात बॅटरीच नाही. ओझं जमिनीला टेकलं आणि दोरीतला ताण गेला की हूक आपोआप उघडतो. वस्तू अलगद खाली ठेवायची असेल तर यासारखं साधन नाही, आणि बिघडायला त्यात काही नसतं. चौथा प्रकार स्वतः ड्रोन बांधणाऱ्यांचा. फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनच्या मेंदूच्या, एका मोकळ्या चॅनलवर सर्व्हो जोडतात. आर्डूपायलटसारख्या प्रणालीत ग्रिपरची सोय तयारच असते. लॅमिंग्टन रोडला ९ ग्रॅमची निळी सर्व्हो कुठल्याही दुकानात मिळते आणि १०० ग्रॅमच्या ओझ्याची खीळ सरकवायला ती पुरते. पण ज्याने अजून सोल्डरिंग केलेलं नाही त्याने सुरुवात इथून करू नये.

पहिला ड्रॉपर कुठला, असं थेट विचाराल तर यांत्रिक ताण-हूक. दिसायला गरीब, पण ओझं जमिनीला टेकेपर्यंत सुटतच नाही. फक्त ताणाचीच भाषा त्याला कळते, तेव्हा वाटेत ओझं उसळू द्यायचं नाही.

कुठलाही घ्या, लावताना तीन गोष्टी तपासा. पोटाखालचे कॅमेरे आणि उंची मोजणारे सेन्सर झाकले जात नाहीत ना. बॅटरीची खिट्टी आणि हवेच्या फटी मोकळ्या आहेत ना. आणि हूक बरोबर मध्यावर येतोय ना. हूक पुढे सरकलेला असेल तर पुढच्या दोन मोटारी सगळं ओझं उचलत राहतात. ड्रॉपरमध्ये लोहचुंबक असेल तर होकायंत्र गोंधळतं, ॲपमध्ये त्याची तक्रार दिसली तर तसंच उडू नका.

दोरी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण अपघात इथे होतात.

वस्तू थेट पोटाला चिकटवली तर खालचे सेन्सर तिलाच जमीन समजतात. ड्रोन उगाच वर-खाली करायला लागतो, उतरवताना अडून बसतो. म्हणून वस्तू दोरीवर लांब न्यावी. पण दोरी वाढली की लंबक तयार होतो. १ मीटर दोरीचं ओझं एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, २ सेकंद घेतं. ४ मीटरला ४ सेकंद. लांब दोरीचा झोका संथ असतो पण मोठा असतो, आणि तो थांबवायला धीर लागतो. छोट्या ड्रोनला मी दीड मीटरच्या आसपास ठेवतो.

दोरा कसला? तंगूस हलका आणि मजबूत असतो, पण ऊन्हात डोळ्याला दिसत नाही आणि झुडपात अडकला तर तुटत नाही. तो ड्रोनला खाली ओढतो. मांजा तर नकोच. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी गळा कापणारी वस्तू आकाशात कशाला न्यायची. मी रंगीत सुती दोरी वापरतो. तिच्या वरच्या टोकाला, हूकच्या अगदी खाली, शिवणकामाच्या साध्या दोऱ्याचे दोन-तीन पदर घालून एक वीतभर कच्चा तुकडा ठेवतो. ओझं उचलेल पण हिसका बसला तर तुटेल, एवढाच. ओझं फांदीत अडकलं तर हा कच्चा दोरा तुटतो आणि ड्रोन वाचतो. किती पदर लागतात ते घरी पाण्याची बाटली लटकवून ठरवा.

आता एक बारीक गोष्ट. ओझं सुटलं आणि दोरी मात्र ड्रोनलाच लटकत राहिली, तर ती रिकामी दोरी पंख्यांच्या वाऱ्यात नाचायला लागते. वर उडून पात्यात जाते. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, दोन फेऱ्यांत पातं गुंडाळलं गेलं आणि ड्रोन भाताच्या खाचरात आडवा. यावर दोन उपाय. दोरी ओझ्याबरोबरच सुटेल अशी गाठ घाला, म्हणजे हूकमध्ये दोरीचीच कडी. ते जमत नसेल तर दोरीच्या खालच्या टोकाला एखादं लोखंडी वायसर कायमचं बांधून ठेवा. ते वायसर दोरीला सरळ ठेवतं.

जमिनीवरची तालीम

घरी पलंगावर गादी असतेच. ड्रोन बंद ठेवून एकाने तो हातात धरायचा, खाली ओझं लटकवायचं, आणि वीस वेळा उघड-बंद करायचं. वीसपैकी एकदा जरी अडकलं तरी त्या दिवशी शेतावर जाऊ नका. वहीत लिहा, कुठल्या वजनाला अडकलं. मग ड्रॉपरची बॅटरी काढून बघा, खीळ बंद राहते की उघडते. चार्ज संपला तर हवेत काय होणार आहे ते इथेच कळतं.

प्रकाशावर चालणारा असेल तर त्याची तालीम ऊन्हात, सावलीत आणि संध्याकाळी अशी तिन्ही वेळा करा. माझी फजिती इथली आहे. मागच्या उन्हाळ्यात मामांच्या आमराईच्या कडेला आम्ही संध्याकाळपर्यंत रेंगाळलो. शेवटची फेरी म्हणून बीजगोळ्यांची पुडी घेऊन ड्रोन उडवला, वारा वाढला म्हणून न सोडताच परत आणला. जमिनीपासून चारेक मीटरवर असताना पोटाखालचा दिवा आपोआप लागला. उजेड कमी असला की उतरताना दिवा लावायची सोय ड्रोनमध्येच असते, आणि सेटिंग 'ऑटो'वर होतं. ड्रॉपरला काय कळणार, त्याने हुकूम समजून पुडी सोडून दिली. ती थेट मामांच्या खाटेशेजारी फुटली. मामा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही, नुसतं वर बघितलं आणि म्हणाले, "तुमचं पाखरू हगलं वाटतं."

त्या दिवसापासून दिव्याचं सेटिंग मी आधी बंद करतो आणि मगच ड्रॉपर लावतो. आणि परत आणताना माणसांच्या दिशेने आणत नाही, रिकामा समजून तर नाहीच.

पहिली पाच उड्डाणं

पहिलं उड्डाण नुसता ड्रॉपर लावून, ओझं नाही. दोन मीटरवर एक मिनिट स्थिर ठेवा. ड्रोन सरकतोय का, मोटारींचा आवाज बदललाय का, ॲपमध्ये काही इशारा आहे का ते बघा. उतरवून मोटारींना हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर वजन जास्त आहे.

दुसरं आणि तिसरं उड्डाण ओझ्यासह, पण सोडायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. ओझं उचलायचं, वीस पावलं न्यायचं, परत आणून जमिनीवर टेकवायचं. ओझ्यासाठी पाण्याची छोटी बाटली घ्या, पण पूर्ण भरलेली. अर्धी भरली तर पाणी हिंदकळतं आणि झोका वाढवतं.

उडवण्याआधी ड्रोन एखाद्या स्वच्छ, सपाट गोष्टीवर ठेवा. आमच्याकडे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स आहे, तो उलटा अंथरतो. सुक्या शेतातली धूळ मोटारीत जात नाही. ओझं ड्रोनच्या बाजूला दीड हातावर ठेवा आणि दोरी नागमोडी पसरा, तिची वेटोळी नकोत. ड्रोन सावकाश वर न्या. दोरी ताठ व्हायला आली की थांबा, ड्रोन ओझ्याच्या बरोबर डोक्यावर आणा आणि मगच उचला. तिरका उचललात तर ओझं घसरत येऊन झोक्यानेच सुरुवात होते.

उचलल्यावर रिमोटवरच्या काड्या हळू हलवा. हौशी ड्रोनमध्ये सिनेमाचा संथ मोड असतो, ओझ्यासाठी तोच योग्य. वेगाने उडवणारा मोड बंदच ठेवा. झोका सुरू झाला तर घाबरून उलट काडी मारू नका, त्याने झोका वाढतो. हात सोडा, ड्रोनला स्थिर होऊ द्या, दहा-पंधरा सेकंद थांबा, बहुतेक वेळा तो आपणच विरतो. सराव झाला की ओझं ज्या बाजूला जातंय त्या बाजूला ड्रोन थोडा सरकवून झोका थांबवता येतो, पण ते पहिल्या रविवारी जमणार नाही.

खाली आणताना सरळ विहिरीत बादली सोडल्यासारखा आणू नका. पंख्यांनी खाली ढकललेल्या हवेतच ड्रोन बुडतो, त्याला आधार मिळत नाही आणि तो अचानक डुगडुगत खाली कोसळतो. ओझं असताना हे लवकर होतं. थोडं पुढे सरकत, सावकाश, जिन्याने उतरल्यासारखं उतरवा.

ॲपमधलं 'घरी परत' बटण ओझं असताना अवघड प्रकरण आहे. ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढतो, सरळ परत येतो आणि खाली दीड मीटर दोरी लटकते आहे याची त्याला काही कल्पना नसते. वाटेतलं झाड ड्रोन ओलांडेल, ओझं ओलांडणार नाही. म्हणून परतीची उंची ठरवताना झाडाच्या उंचीत दोरीची लांबी आणि वर निदान पाच मीटर धरा. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की परत फिरा. रिकाम्या ड्रोनला २५ चालत असतील, ओझ्याला नाही.

वेळ सकाळची निवडा, सात ते नऊ. दुपारनंतर वारा उठतो. आणि घारींवर लक्ष ठेवा. मुंबईकराला घार नवीन नाही, पण आपल्या ड्रोनमागे लागलेली घार बघितली की पोटात गोळा येतो. रिकामा ड्रोन सरळ वर पळवायचा सल्ला सगळे देतात. ओझं असताना तो वर पळत नाही. घारी फिरत असतील तर उडवायचंच नाही, अर्धा तास चहा प्या.

आता बटण

चौथ्या उड्डाणात सोडायचं, आणि तेही तीन मीटरवरून. ताण-हूक असेल तर ओझं टेकवून, एक हात आणखी खाली या, दोरी सैल पडली की हूक उघडेल. बटणाचा ड्रॉपर असेल तर ड्रोन पूर्ण थांबलेला हवा, झोका विरलेला हवा आणि सोबत्याने "मोकळं" असं मोठ्याने म्हटलेलं हवं. मगच बटण.

ओझं सुटलं की ड्रोन वर उसळतो. क्षणापूर्वीचं वजन पेलण्यासाठी मोटारी फिरत असतात, त्यांना जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो. वर फांदी असेल तर ड्रोन तिच्यात जाणार. म्हणून सोडायच्या जागी डोक्यावर निदान चार-पाच मीटर आकाश मोकळं ठेवा, आणि सुटल्यावर काडी खाली दाबू नका. तो स्वतःच सावरतो.

उंचीवरून सोडायची हौस किती महाग पडते त्याचा हिशोब करून ठेवा. २० मीटरवरून पडणारी जड वस्तू दोन सेकंदांत जमिनीवर येते आणि तोवर तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. त्याच वेळी ड्रोन सेकंदाला ५ मीटरने पुढे जात असेल तर ती वस्तू तुम्हाला वाटलं त्याच्या १० मीटर पुढे पडते. तीन मीटरवरून तीच वस्तू पाऊण सेकंदात पडते. माझा साधा नियम आहे, ड्रोन जितका उंच, निदान तितक्याच अंतराचं वर्तुळ खाली रिकामं. कुत्रं आलं, गुराखी आला, मामांची नात पळत आली, तर फेरी रद्द. रद्द करायला सोबत्याला कारण द्यावं लागत नाही, असं आधीच ठरवून घ्या.

पाचवं उड्डाण म्हणजे चौथ्याचीच उजळणी, दुसऱ्या दिवशी.

बीजगोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण बहुतेकांना ड्रॉपर त्यासाठीच हवा असतो. माती आणि शेणखतात बी वळून सुकवलेला लिंबाएवढा गोळा घेतला तर हौशी ड्रोन एका फेरीत तीन-चार नेतो. तेवढ्या वेळात मामा हाताने पन्नास फेकतात, आणि चहाही होतो. सपाट जागी ड्रोन नेणं हा पोरखेळ आहे. कड्याच्या कपारीत, जिथे माणूस घसरेल तिथेच तो न्यावा. बी तिथल्याच झाडांचं घ्या, खैर, बहावा, करंज, बेहडा. जांभळाचं बी सुकलं की रुजत नाही, ते ताजंच लागतं, तेव्हा ते महिनाभर आधी वळून ठेवू नका. पहिला पाऊस पडून गेला आणि उघडीप मिळाली की जा. पावसात उडवायचे हे ड्रोन नव्हेत. आणि डोंगरावर एक लक्षात असू द्या, ॲपमध्ये दिसणारी उंची ही तुम्ही जिथून उडवलं तिथपासूनची असते. उतार चढत गेलात तर आकडा २० राहतो आणि जमीन पाच मीटरवर येते.

हूक उघडलाच नाही तर

हे होणार. बटण दाबता, काही होत नाही. पुन्हा दाबता, तरी नाही. ड्रोन झटके देऊन ओझं पाडायचा मोह आवरा, कारण ते नेमकं नको तिथे सुटतं. सावकाश परत आणा, मोकळ्या जागेवर थांबा, ओझं जमिनीला टेकवा. दोरी सैल पडली की ड्रोन बाजूला सरकवत फ्लेक्सवर उतरवा, दोरीच्या वर नाही. लटकतं ओझं हाताने पकडायला सोबत्याला पुढे पाठवू नका. फिरत्या पात्यांखाली हात घालून बोटं कापून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. मोटारी थांबल्या, पाती थांबली, मगच जवळ जा आणि कच्चा दोरा कापा. कात्री पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. मी ती एकदा घरी विसरलो होतो आणि मामांच्या देखत दोरा दातांनी तोडला होता.